टपालाची जुळवणी
दोन संगणकांवरील ई-मेल एकसारखा ठेवणारे साधन स्वतः घडवताना

बँकेत जुनी सेवा केलेल्या कोणाही कर्मचाऱ्याला ती संध्याकाळ आठवेल. ग्राहकांसाठीचे दार बंद झालेले असे, टेबलांवर जाडजूड लेजर उघडी पडलेली असत आणि खात्यांच्या शिलकांची बेरीज जनरल लेजरशी काही केल्या जुळत नसे. फरक कधी काही हजारांचा, कधी अवघ्या नव्वद पैशांचा. जाणते लोक प्रथम त्या फरकाला नऊने भागून पाहत; भाग गेला तर कोठेतरी दोन आकड्यांची अदलाबदल झाली असावी, हा ठोकताळा. फरकाची रक्कम लहान की मोठी याला तेथे महत्त्व नव्हते. दोन वह्या जुळत नाहीत याचा अर्थ त्यांतील एक तरी खोटे सांगत आहे, आणि ते खोटे सापडल्याशिवाय कोणी घरी जात नसे.

संगणक आले, केंद्रीय प्रणाली आली आणि बॅलन्सिंगचे ते जागरण संपले. मात्र त्यामागचा प्रश्न संपला नाही. तो आज अनेकांच्या घरात वेगळ्या वेषात येऊन बसला आहे. कार्यालयातील संगणक, घरचा लॅपटॉप आणि खिशातील फोन या तीन ठिकाणी एकाच व्यक्तीचा पत्रव्यवहार साठलेला असतो, आणि तो तिन्हीकडे सारखाच असेल असे गृहीत धरले जाते. हे गृहीत मोडते तेव्हा काय घडते, आणि ते मोडू नये म्हणून काही माणसांनी स्वतःची साधने कशी घडवली, ही कथा बँकेच्या वहीशी आश्चर्यकारक नाते सांगणारी आहे.

समजा, एखाद्या कर सल्लागाराने शनिवारी घरी बसून चाळीस पत्रे वाचली, सहांना उत्तरे दिली आणि दहा निरुपयोगी पत्रे पुसून टाकली. सोमवारी कार्यालयातील संगणक उघडल्यावर ती चाळीस पत्रे न वाचलेली म्हणून पुन्हा समोर उभी राहतात. पुसलेली दहाही परत आलेली असतात, आणि दिलेल्या सहा उत्तरांचा मागमूस नसतो. गडबडीत एका अशिलाला दुसऱ्यांदा उत्तर जाते आणि त्यातील आकडा पहिल्या उत्तराहून वेगळा असतो. याच्या उलट प्रकार अधिक घातक. कार्यालयातील संगणकाने एक महत्त्वाची सूचना उतरवून घेतली, सर्व्हरवरून ती नाहीशी झाली आणि घरच्या लॅपटॉपवर ती कधी दिसलीच नाही. मुदत मात्र निघून गेली. जुळवणीचा अभाव म्हणजे केवळ गैरसोय नव्हे, तर त्यातून शब्द मोडला जाऊ शकतो आणि पैसाही बुडू शकतो.

एका शाखेत अडकलेले टपाल

ई-मेलचा जन्म दोन संगणकांच्या शेजारातच झाला. १९७१ साली अमेरिकेतील केंब्रिज येथे ‘बीबीएन’ या संस्थेत रे टॉमलिन्सन या अभियंत्याने जाळ्यावरून पहिले पत्र पाठवले, ते एकाच खोलीत शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन संगणकांच्या दरम्यान. नाव आणि संगणक यांच्यामध्ये ‘@’ हे चिन्ह घालण्याची पद्धतही त्यांचीच. त्या काळी पत्र जेथे पोहोचे तेथेच वाचले जाई. वाचणारा संगणकाकडे जाई, पत्र वाचणाऱ्याच्या मागे फिरत नसे.

वैयक्तिक संगणक आल्यावर हे बदलले. १९८४ साली ‘पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल’, म्हणजेच ‘पॉप’ या नियमावलीची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिची कल्पना टपाल कचेरीच्या पेटीसारखी सरळ होती: पेटीपर्यंत जावे, आलेली पत्रे उचलावीत आणि घरी घेऊन यावीत. दूरध्वनीच्या तारेवरून जोडणी मिळण्याच्या काळात ही रीत सोयीची होती. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हाही जोडणीचा प्रत्येक तास आणि दूरध्वनीचे प्रत्येक एकक मोजले जात होते. पटकन जोडावे, पत्रे उतरवावीत आणि तार मोकळी करावी हेच शहाणपण होते. फक्त घरात एकच संगणक असेल तोवर!

दुसरा विचार त्याआधीच रुजू लागला होता. १९८६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी ‘आयमॅप’ या नियमावलीचा आरंभ केला. तिच्यात पत्रे सर्व्हरवरच राहतात. वाचणारा कोणत्याही संगणकावरून येऊन ती पाहतो, आणि वाचल्याची, उत्तर दिल्याची वा पुसण्याची खूणही सर्व्हरवरच उमटते. बँकेच्या ग्राहकाला हा फरक चटकन समजेल. पॉप म्हणजे ज्या शाखेत खाते त्याच शाखेत व्यवहार. आयमॅप म्हणजे कोअर बँकिंग, खाते मध्यवर्ती आणि शाखा कोणतीही. क्रिस्पिन यांनी या एका नियमावलीसाठी आपल्या आयुष्याची अनेक वर्षे वेचली. २०१२ च्या अखेरीस त्यांचे निधन झाले. २०२१ साली तिची सुधारित आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि आजही जगातील असंख्य फोन आणि संगणक त्याच पायावर टपाल आणतात.

मग स्वतःचे साधन घडवण्याची गरज कोणाला?

गरज भासली ती जोडणी नसतानाही काम करणाऱ्यांना. आगगाडीच्या प्रवासात, डोंगराळ गावात वा वीज आणि इंटरनेट यांचा भरवसा नसलेल्या ठिकाणी सर्व्हरवरील पत्र असून नसल्यासारखे. शिवाय पंधरा-वीस वर्षांचा पत्रव्यवहार केवळ परक्याच्या सर्व्हरवर ठेवणे अनेकांना रुचत नाही. आपली एक पूर्ण प्रत आपल्या हाती असावी, तिच्यात क्षणार्धात शोध घेता यावा, असे त्यांना वाटते.

मायकेल एल्किन्स यांनी २००० च्या सुमारास ‘आयसिंक’ हे साधन लिहिले, आणि २००२ साली जॉन गोअर्झन या प्रोग्रामरने पायथन भाषेत ‘ऑफलाइनआयमॅप’ तयार केले. दोन्ही साधने मुक्त स्वरूपात सर्वांना उपलब्ध झाली. सर्व्हरवरील पेटी आणि स्वतःच्या संगणकावरील पेटी अशा रीतीने जुळवावयाची की जोडणी नसताना केलेले काम जोडणी मिळताच दुसऱ्या बाजूस पोहोचावे, हा दोहोंचा हेतू. पुढे इतर अनेकांनी आपापल्या सोयीप्रमाणे लहानमोठी साधने लिहिली. यांपैकी बहुतेकांना एकच धडा पुन्हा नव्याने शिकावा लागला.

नक्कल वेगळी, जुळवणी वेगळी

पहिला मोह होतो तो नक्कल करण्याचा. घरच्या संगणकावरील टपालाचे सारे फोल्डर कार्यालयातील संगणकावर उतरवले की झाले, असे वाटते. यासाठी उत्तम साधनेही आहेत. १९९६ साली ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीमधील अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ‘आरसिंक’ ही आज्ञावली प्रसिद्ध केली. ती फाइलचे लहान तुकडे पाडते, प्रत्येक तुकड्याची सांकेतिक बेरीज काढते आणि ज्या तुकड्यांत फरक आढळेल तेवढेच तारेवरून धाडते. मंद जोडणीवर ही युक्ती वरदान ठरली.

परंतु नक्कल एकाच दिशेने जाते. तिला एक बाजू खरी आणि दुसरी जुनी असे मानावे लागते. घरची प्रत कार्यालयावर उतरवली, तर त्या दिवशी कार्यालयात झालेले काम पुसले जाईल. दोन्ही बाजूंची केवळ भर घातली, म्हणजे जे येथे नाही ते तेथून आणले आणि जे तेथे नाही ते येथून पाठवले, तर पुसलेली पत्रे प्रत्येक खेपेस पुन्हा उगवतील. शनिवारी टाकलेला कचरा सोमवारी परत आला, तो याच कारणाने.

अडचणीचे मूळ एका साध्या प्रश्नात आहे. एक पत्र कार्यालयात आहे, घरी नाही. ते कार्यालयात नव्याने आले आहे, की घरी पुसले गेले आहे? दोन्ही पेट्या कितीही बारकाईने तपासल्या तरी याचे उत्तर त्यांत सापडत नाही. आज काय आहे एवढेच त्या सांगतात. काल काय होते हे त्यांना ठाऊक नसते.

तिसरी वही

उत्तर बँकेच्या जुन्या रिवाजात आहे. पासबुक आणि व्यापाऱ्याची रोजकीर्द जुळत नसेल तर लेखापाल बँक जुळवणी पत्रक करतो आणि त्याचा आरंभ मागील जुळलेल्या शिलकेपासून करतो. त्या तारखेपर्यंत दोन्ही वह्या एकमताच्या होत्या. त्यानंतर कोणत्या वहीत काय बदलले, एवढेच शोधावयाचे. ई-मेलच्या जुळवणीसाठीही अशीच तिसरी वही लागते. मागील खेपेस दोन्ही बाजूंना कोणकोणती पत्रे होती, त्यांची यादी तिच्यात असते. ऑफलाइनआयमॅप ही यादी स्थानिक संगणकावर वेगळी सांभाळते. दोन फोल्डर जुळवणारे ‘युनिसन’ हे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात घडलेले साधनही मागील मेळाची अशीच नोंद ठेवते.

कार्यालय, घर आणि वही या तीन ठिकाणी एखादे पत्र एक तर आहे किंवा नाही. म्हणजे एकंदर आठ शक्यता झाल्या, आणि प्रत्येकीचा निर्णय स्पष्ट असतो.

तिन्हीकडे नसेल तर प्रश्नच नाही. तिन्हीकडे असेल तर पत्र स्थिर आहे. फक्त त्यावरील खुणा पाहाव्यात.

केवळ कार्यालयात असेल आणि वहीत नसेल, तर ते नवे आहे. घरी नक्कल पाठवावी आणि वहीत लिहावे. केवळ घरी असेल तर याच्या उलट.

कार्यालयात आहे, वहीतही आहे, परंतु घरी नाही, तर ते घरी पुसले गेले आहे. कार्यालयातूनही काढावे आणि वहीतील नोंद खोडावी. घरी आणि वहीत असून कार्यालयात नसेल तर याच्या उलट.

दोन्हीकडे आहे, पण वहीत नाही, तर ते दुसऱ्या मार्गाने दोन्हीकडे पोहोचले असावे किंवा मागील खेपेस नोंद राहून गेली असावी. दोन्ही प्रती एकाच पत्राच्या आहेत याची खातरजमा करून वहीत लिहावे.

केवळ वहीत उरले असेल, तर दोन्ही बाजूंनी ते पुसले आहे, नोंद खोडावी.

एवढ्या आठ ओळींत साधनाचे सारे हृदय सामावलेले आहे. बाकीचा भाग मोठा आहे, पण तो या आठ ओळींचे रक्षण करण्यासाठी आहे.

पत्राची ओळख कशी पटवावी?

वही लिहावयाची तर प्रत्येक पत्राला क्रमांक हवा. आयमॅपमध्ये सर्व्हर प्रत्येक फोल्डरमधील पत्राला चढता क्रमांक देतो. एकदा दिलेला क्रमांक त्या मालिकेत दुसऱ्या पत्राला दिला जात नाही. मालिकेत सुमारे ४२९ कोटी क्रमांक मावतात, त्यामुळे ते संपण्याची चिंता नसते. क्रमांकांबरोबर सर्व्हर त्या मालिकेचाही एक क्रमांक सांगतो. सर्व्हर बदलला, फोल्डर नव्याने उभारले, तर ही मालिका बदलते. नवे लेजर उघडल्यावर जुने पृष्ठांक निरर्थक व्हावेत, तसेच हे.

नवशिक्याच्या साधनाचा येथे घात होतो. मालिका बदलल्याकडे त्याचे लक्ष नसेल, तर वहीतील एकही जुना क्रमांक त्याला सर्व्हरवर सापडत नाही. त्याचा तर्क सरळ असतो: सर्व पत्रे सर्व्हरवर पुसली गेली, तेव्हा येथूनही पुसावीत! नियम बरोबर, गृहीत चुकीचे, आणि वर्षांचा पत्रव्यवहार काही मिनिटांत नाहीसा. म्हणून मालिका बदललेली दिसताच साधनाने हात आखडून थांबावे आणि वही नव्याने लिहावी, हा पहिला दंडक.

प्रत्येक पत्राच्या मस्तकात त्याचा स्वतंत्र ओळखसंकेतही असतो आणि तो वही नव्याने लिहिताना कामी येतो. परंतु त्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. तेच पत्र दोन मार्गांनी आले, तर दोन प्रतींचा संकेत एकच असतो. काही पत्रांना तो नसतोच. अशा वेळी पत्रातील मजकुराची सांकेतिक बेरीज काढून पडताळा घ्यावा लागतो.

स्वतःच्या संगणकावर पत्रे कशी ठेवावीत, याचाही विचार हवा. जुन्या पद्धतीत एका फोल्डरची सर्व पत्रे एकाच लांबलचक फाइलमध्ये एकाखाली एक लिहिली जात. मधले एक पत्र पुसले तरी पुष्कळदा सारी फाइल पुन्हा लिहावी लागे. ‘क्यूमेल’ या सर्व्हरचे कर्ते डॅनियल बर्नस्टीन यांनी ‘मेलडिर’ ही वेगळी रचना आणली: प्रत्येक पत्राची स्वतंत्र फाइल. येणारे पत्र प्रथम तात्पुरत्या फोल्डरमध्ये लिहिले जाते आणि पूर्ण लिहून झाल्यावरच ‘नवे’ या फोल्डरमध्ये सरकवले जाते. त्यामुळे अर्धवट पत्र कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. वाचल्याची किंवा उत्तर दिल्याची खूण फाइलच्या नावाच्या शेवटी एकेका अक्षराने उमटते. जुळवणी करणाऱ्या साधनाला फाइल न उघडता केवळ नावे वाचून बहुतेक काम उरकता येते. एक बारकावा मात्र लक्षात ठेवावा: या नावांतील विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके विंडोजला फाइलच्या नावात चालत नाहीत, तेथे दुसरे चिन्ह योजावे लागते.

आधी काम, मग नोंद

समजा, कार्यालयातील नवे पत्र घरी पाठवावयाचे आहे. साधनाला दोन कामे करावयाची आहेत: पत्र घरी लिहिणे आणि वहीत नोंद करणे. यांपैकी आधी कोणते?

आधी वहीत नोंद केली आणि त्याच क्षणी वीज गेली असे धरावे. पुढील खेपेस साधनाला काय दिसेल? पत्र कार्यालयात आहे, वहीत आहे, घरी मात्र नाही. आठ शक्यतांप्रमाणे याचा अर्थ घरी पुसले गेले असा होतो. आणि साधन कार्यालयातील एकमेव प्रतही इमानेइतबारे पुसून टाकते. जे पत्र घरी कधी पोहोचलेच नाही, ते घरी पुसले म्हणून नष्ट होते.

आता क्रम उलटा करावा. आधी पत्र घरी लिहिले आणि नोंद होण्यापूर्वी वीज गेली. पुढील खेपेस पत्र दोन्हीकडे आढळते, वहीत नसते. ओळख पटली तर नोंद होते. न पटली तर फार तर एकाच पत्राच्या दोन प्रती दिसतात. प्रत वाढली तरी पत्र वाचले.

रोख हाती येऊन मोजल्याखेरीज पावतीवर शिक्का मारू नये, हे रोखपालाला पहिल्याच दिवशी शिकवले जाते. तोच नियम येथे लागू आहे. पुसण्याच्या बाबतीतही आधी पत्र काढावे आणि मग नोंद खोडावी. मध्येच खंड पडला तर केवळ वहीत उरलेली नोंद पुढील खेपेस निरुपद्रवीपणे खोडली जाते. आज्ञावलीतील दोन ओळींची अदलाबदल, एवढाच फरक. सुरळीत दिवसांत तो कोणाच्या ध्यानातही येत नाही. तो कळतो वीज गेल्यावर.

खुणांचा मेळ

पत्राचा मजकूर एकदा आला की बदलत नाही. ई-मेलच्या जुळवणीचे हे मोठे भाग्य. बदलतात त्या केवळ खुणा: वाचले, उत्तर दिले, महत्त्वाचे, मसुदा, पुसावयाचे. प्रत्येक खूण एक तर असते वा नसते. आणि येथेही तिसरी वही उपयोगी पडते. वहीत ‘न वाचलेले’ अशी नोंद आहे, घरी ‘वाचलेले’ दिसते, कार्यालयात ‘न वाचलेले’ दिसते. म्हणजे बदल घरी झाला, तो कार्यालयात न्यावा. दोन्हीकडे बदल झाला असेल तर? खुणेच्या दोनच अवस्था असल्याने, वहीपासून दोन्ही बाजू बदलल्या तर त्या एकाच अवस्थेत पोहोचलेल्या असणार. वाद उद्भवतच नाही.

खरा वाद एकाच ठिकाणी उरतो: एका बाजूने पत्र पुसले आणि दुसऱ्या बाजूने त्याच पत्रावर ‘महत्त्वाचे’ अशी खूण केली. येथे गणित निर्णय देत नाही, विवेक देतो. कोणाला तरी ते पत्र हवेसे वाटले आहे, तेव्हा ते राखावे. नको असलेले पत्र पुन्हा पुसण्यास क्षण लागतो. हवे असलेले गेले तर ते परत येत नाही. ‘ज्याची वेळ नंतरची, त्याचे खरे’ हा नियम सोपा वाटतो, पण दोन संगणकांची घड्याळे क्वचितच तंतोतंत जुळतात. ज्याचे घड्याळ दहा मिनिटे पुढे, तो प्रत्येक वादात जिंकेल! जुळवणी घड्याळावर सोपवू नये, ती नोंदीवर सोपवावी.

तिसरा संगणक जोडावयाचा झाल्यास सोपा मार्ग म्हणजे सर्व्हरला मध्यभागी ठेवून प्रत्येक संगणकाची जुळवणी केवळ त्याच्याशी करणे, आणि प्रत्येक जोडीची वही वेगळी राखणे. मध्यभागी कोणीच नको असेल, तर प्रत्येक संगणकाने आपल्या बदलांना स्वतःचे क्रमांक द्यावेत आणि इतरांचे कोणत्या क्रमांकापर्यंतचे बदल आपल्याला ठाऊक आहेत याची यादी बाळगावी लागते. ही पद्धत १९८३ साली शोधनिबंधातून मांडली गेली. स्टॅनफर्डचे प्राध्यापक डेव्हिड मॅझिएर यांनी ‘मचसिंक’ या साधनात तीच वापरून ई-मेल कोणत्याही दोन संगणकांत परस्पर जुळवण्याची सोय केली.

जुळवणी म्हणजे तिजोरी नव्हे

आठही शक्यता अचूक लिहिल्या, क्रमही सांभाळला, तरी एक धोका उरतो, आणि तो साधनाच्या यशातूनच जन्मतो. उत्तम जुळवणी करणारे साधन चांगले काम जितक्या तत्परतेने दुसरीकडे पोहोचवते, तितक्याच तत्परतेने चूकही पोहोचवते. घरी चुकून एक फोल्डर पुसले, तर पुढच्या मिनिटाला ते कार्यालयातूनही जाते.

फेब्रुवारी २०११ च्या अखेरीस जीमेलच्या काही ग्राहकांना आपली पेटी एकाएकी रिकामी दिसली. एकूण वापरकर्त्यांत त्यांचे प्रमाण सुमारे ०.०२ टक्के इतके अल्प होते. परंतु ज्याची पेटी रिकामी, त्याच्या दृष्टीने नुकसान शंभर टक्के. कंपनीने पत्रांच्या अनेक प्रती वेगवेगळ्या केंद्रांत ठेवलेल्या होत्या. आज्ञावलीतील एका दोषाचा परिणाम त्या अनेक प्रतींवर एकदमच झाला. पत्रे परत मिळाली ती चुंबकीय फितींवरील प्रतींतून, कारण त्या फिती जाळ्याला जोडलेल्या नव्हत्या. चुकीचा आदेश तेथवर पोहोचलाच नाही.

म्हणून स्वतःचे साधन घडवणाऱ्याने त्यात एक लगाम अवश्य ठेवावा: एका खेपेत ठराविक प्रमाणापेक्षा अधिक पत्रे पुसावयाची वेळ आली, तर साधनाने काम थांबवून मालकाला विचारावे. एक बाजू संपूर्ण रिकामी दिसल्यास युनिसन असेच थांबते. पुसलेले पत्र लगेच नष्ट न करता काही दिवस वेगळ्या फोल्डरमध्ये राखावे. आणि महिन्यातून एकदा सर्व पत्रांची प्रत अशा डिस्कवर घ्यावी, जी एरवी संगणकाला जोडलेली नसेल.

ग्राहकांनी ध्यानात ठेवावे असे काही

स्वतः आज्ञावली न लिहिणाऱ्यांनाही या साऱ्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

• दोन ठिकाणी ई-मेल पाहावयाचा असेल तर खात्याची जोडणी आयमॅप पद्धतीची आहे याची खात्री करावी. पॉप वापरणे भागच असेल, तर ‘सर्व्हरवर प्रत ठेवावी’ हा पर्याय निवडावा.

• नवे साधन प्रथम चाचणीच्या खात्यावर चालवावे. खऱ्या पेटीवर पहिल्यांदा चालवण्यापूर्वी तिची स्वतंत्र प्रत घ्यावी आणि ती प्रत उघडून पाहावी. उघडून न पाहिलेली प्रत ही प्रत नव्हे.

• साधनात पासवर्ड उघड्या अक्षरांत लिहून ठेवू नये. अनेक ई-मेल सेवा अशा साधनांना मुख्य पासवर्ड वापरू देत नाहीत. त्यासाठी वेगळा ॲप पासवर्ड किंवा ‘ओऑथ’ पद्धतीची परवानगी लागते. जोडणी नेहमी सांकेतिक, म्हणजे एन्क्रिप्टेड असावी.

• ई-मेल जेवढ्या संगणकांवर जुळवला, तेवढ्या ठिकाणी खाते-उतारे आणि कागदपत्रेही पोहोचली, हे विसरू नये. लॅपटॉपच्या डिस्कला सांकेतिक कुलूप घालावे आणि तो विकण्यापूर्वी डिस्क पूर्ण पुसावी. पिन, पासवर्ड वा ओटीपी ई-मेलमध्ये कधीही लिहून ठेवू नयेत.

• खाते-उतारा, कर्जाचा करार, विम्याची कागदपत्रे अशी जपून ठेवावयाची पत्रे केवळ ई-मेलच्या भरवशावर न सोडता वेगळी साठवावीत.

दुकानात तयार मिळणारी वस्तू हाताने घडवण्यात वेळ जातो, आणि पुष्कळदा तयार वस्तूच अधिक टिकाऊ निघते. आयसिंक किंवा ऑफलाइनआयमॅप यांच्यात अनेक वर्षांच्या चुकांचे आणि दुरुस्त्यांचे शहाणपण साठलेले आहे; नवे साधन लिहिणाऱ्याने ती आधी अभ्यासावीत हे उत्तम. तरीही ज्याने एकदा स्वतः ही जुळवणी लिहून पाहिली, त्याला ‘सिंक’ या एका शब्दाआड दडलेली जबाबदारी कळते.

जुन्या शाखेतील त्या संध्याकाळी फरक सापडला की साहेब लेजरवर सही करीत आणि दिवे मालवले जात. त्या सहीचा अर्थ एवढाच असे की, आजपर्यंत या दोन वह्या एकमताच्या आहेत. दुसऱ्या दिवशीचे सारे व्यवहार त्या सहीच्या आधारावर उभे राहत. संगणकाच्या स्मरणातील ती तिसरी वही म्हणजे तशीच एक सही आहे. ती खरी असेल तरच उद्याचा मेळ बसेल.